वसतिगृहाच्या दाराशी थांबलेला धर्मग्राम

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या धर्मग्रामांत गुणगौरव समारंभांची लगबग सुरू होते. रविवारच्या मिस्सेनंतर यशस्वी मुलेमुली रांगेने उभी राहतात, प्रशस्तिपत्रके वाटली जातात, टाळ्या पडतात आणि आईवडिलांचा ऊर भरून येतो. यात वावगे काहीच नाही. कष्टाने शिकलेल्या समाजाने आपल्या मुलांच्या यशाचे कौतुक करायचे नाही, तर कोणाचे करायचे? आमचा प्रश्न त्या रविवारनंतरचा आहे. त्या रांगेतील जी मुले पंधरा दिवसांत पुण्याच्या, बंगळूरच्या किंवा मणिपालच्या वसतिगृहात जाऊन पडतात, त्यांचे नाव त्यानंतर धर्मग्रामात कोठे उच्चारले जाते? बहुधा एकदम लग्नाच्या घोषणेत. मधली चार-पाच वर्षे म्हणजे कोरे पान. माणूस ज्या वर्षांत घडतो किंवा मोडतो, नेमक्या त्या वर्षांचे पान आपण कोरे ठेवतो.

आमचे म्हणणे सरळ आहे. शिक्षणासाठी घर सोडलेल्या मुलाची जबाबदारी घर, शिक्षणसंस्था आणि धर्मग्राम या तिघांची सामाईक आहे. आणि आज हे तिघेही ती एकमेकांच्या खांद्यावर टाकून निर्धास्त झाले आहेत. ही निर्धास्तता घातक आहे.

आपल्याकडे हा प्रश्न उशिरा उभा राहिला, याला कारण आहे. वसईसारख्या भागातील मुलगा पूर्वी पहाटेची लोकल धरून चर्चगेटला जाई आणि रात्री कितीही उशीर झाला तरी घरच्या ताटावर जेवायला येई. परीक्षेत आपटी खाल्ली असली, कोणी अपमान केला असला, खिशात पैसे नसले, तरी तो तोंडाने काही सांगत नसे. पण त्याचा चेहरा आईला दिसे. अर्धे जेवण टाकून उठलेले पोर घरातून निसटत नसे. वसतिगृहाची संस्कृती आपल्या घरांना ठाऊकच नव्हती. आता एका पिढीत सारे पालटले. अभियांत्रिकी, वैद्यकीय, परिचर्या, हॉटेल व्यवस्थापन अशा शिक्षणासाठी मुले राज्याबाहेर आणि देशाबाहेरही जातात. चौघांच्या खोलीत नाहीतर पेइंग गेस्ट म्हणून राहतात. मराठी माध्यमातून आलेली मुलगी इंग्रजी व्याख्यानापुढे बावरून बसते. मासळीवर वाढलेल्या मुलाला मेसच्या जेवणाशी जुळवून घ्यावे लागते, आणि कधी जेवणाच्या टेबलावरही त्याची जात-पात जोखली जाते. २०२३ साली पवईच्या आयआयटीत मेसमधील टेबले केवळ शाकाहारी विद्यार्थ्यांसाठी राखण्यावरून वाद झाला, ही फार जुनी गोष्ट नव्हे. हे सारे सोसणाऱ्या मुलाचा चेहरा आता कोणाला दिसत नाही. दिसते ते मोबाइलवरचे छायाचित्र, आणि छायाचित्रात सगळेच हसतात.

संत लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांच्या येशूची जी कथा आहे, ती आम्हांला या संदर्भात वारंवार आठवते. वल्हांडण सण आटोपून मंडळी यरुशलेमहून परतत होती. मुलगा काफिल्यात असेल, असे योसेफ आणि मरिया दोघांनीही धरून चालले. एक दिवसाची वाट चालून झाल्यावर लक्षात आले की तो कोणाजवळच नाही. पृथ्वीतलावरच्या सर्वांत पवित्र घरात जर हे घडू शकते, तर आपली काय कथा? परंतु त्या कथेचा उत्तरार्ध आपण विसरतो. नातेवाइकांत शोध घेऊन ती दोघे थांबली नाहीत, मागे फिरली, आणि तीन दिवसांनी मुलगा सापडेपर्यंत शोधत राहिली. आपला काफिला मात्र पुढेच चालला आहे. पालक म्हणतात, कॉलेज पाहील. कॉलेज म्हणते, मूल सज्ञान आहे, घरचे पाहतील. धर्मग्राम म्हणतो, दोघे समर्थ आहेत. आणि मूल काफिल्यात नसते.

शिक्षणसंस्थांचा वाटा आधी पाहू. कारण त्यांच्यावर कायद्याचे बंधन आहे. महाराष्ट्राने रॅगिंगविरोधी कायदा १९९९ मध्येच केला. रॅगिंग करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड त्यात सांगितला आहे. दोषी विद्यार्थ्याला काढून टाकल्यावर पाच वर्षे अन्य संस्थेत प्रवेश नाही, अशीही तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये देशभरासाठी निर्देश दिले. तरीही २००९ च्या मार्चमध्ये हिमाचल प्रदेशातील कांगडा जिल्ह्याच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी वरिष्ठांच्या मारहाणीनंतर मरण पावला. तेव्हा कोठे विद्यापीठ अनुदान आयोगाचे सविस्तर विनियम आले. रॅगिंगविरोधी समिती असावी, अचानक तपासणी करणारे पथक असावे, नवागतांची शक्यतो वेगळी सोय असावी, वॉर्डन कोणत्याही वेळी उपलब्ध असावा, आणि गुन्हा दिसताच संस्थाप्रमुखाने चोवीस तासांच्या आत पोलिसांत फिर्याद द्यावी, असे हे विनियम सांगतात. विद्यार्थ्याने आणि पालकाने दरवर्षी प्रतिज्ञापत्र भरून द्यायचे असते, तेही याच विनियमांमुळे.

ते प्रतिज्ञापत्र किती पालक वाचून सही करतात? फीची पावती, वैद्यकीय दाखला आणि हा कागद एकाच गठ्ठ्यात सरकवला जातो. समितीत कोण आहे, वॉर्डनचा दूरध्वनी क्रमांक काय, समुपदेशक आठवड्यातून किती दिवस येतो, हे विचारणारा पालक विरळा. आपण पाच हजारांचे कपाट घेताना कुलूप तपासून घेतो. पोटचे पोर ज्या इमारतीत ठेवायचे, तिथल्या माणसांचे नाव विचारायला मात्र संकोचतो. विचारणारा कोणी नाही हे कळल्यावर समित्या कागदावर राहिल्या, तर आश्चर्य कसले?

विचारणाऱ्या आया कशा असतात, हेही देशाने पाहिले आहे. २०१६ च्या जानेवारीत हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. २०१९ च्या मे महिन्यात मुंबईतील एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकणारी, जळगावकडच्या आदिवासी समाजातून आलेली डॉक्टर पायल तडवी गेली. या दोघांच्या आयांनी त्याच वर्षी एकत्र येऊन शिक्षणसंस्थांतील जातिभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. एक आंध्रची, एक खानदेशची. एकीची भाषा दुसरीला येत नाही. दोघींचेही मूल परत येणार नाही. तरीही दुसऱ्यांच्या मुलांसाठी त्या उभ्या राहिल्या. आपल्यातही आदिवासी आणि दलित कुटुंबांतून आलेली ख्रिस्ती मुले आहेत. आडनाव विचारून जोखले जाणे त्यांना चुकलेले नाही. आपल्या धर्मग्राम परिषदांच्या विषयपत्रिकांवर हा विषय कधी आला आहे काय?

प्रश्नाचा आवाका किती, ते सरकारी नोंदीच सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपवले. राज्यांमध्ये महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. २०२५ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले, आणि जुलैमध्ये आणखी एका निकालात शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असा आदेश दिला. न्यायालयाला जे दिसते, ते आपल्याला दिसू नये?

आता घराकडे वळू. आपल्या घरांतून वसतिगृहात रोज फोन जातो, आणि बहुतेक घरांत प्रश्न तीनच असतात: जेवलास का, अभ्यास झाला का, मिस्साला गेलास का? तिन्ही प्रश्नांना 'हो' एवढे एकच उत्तर पुरते, आणि ते उत्तर खोटे असले तरी चालून जाते. 'तिथे तुला कोण भेटते, कोणाची भीती वाटते का, झोप लागते का', असे प्रश्न आपल्या तोंडून निघत नाहीत, कारण त्यांची उत्तरे ऐकण्याची आपली तयारी नसते. पहिल्या सत्रात दोन विषय राहिले हे मूल सांगत नाही. दुसऱ्या सत्रात चार राहतात, तेही सांगत नाही. घरी शैक्षणिक कर्जाचा हप्ता, वाडीचा विकलेला तुकडा आणि 'आमचा मुलगा इंजिनिअर होणार' हे गावभर झालेले वाक्य, या तीन धोंड्यांखाली त्याची जीभ दबलेली असते.

आणि कळले तरी घर काय करते? झाकली मूठ सव्वा लाखाची! मुलगी सत्र अर्धवट सोडून घरी आली, तर शेजारी सांगतात 'कावीळ झाली'. मुलाला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे लागले, तर ते दोन स्टेशने पलीकडच्या दवाखान्यात. लोक काय म्हणतील, या भीतीने आपण किती मुलांना उपचारांवाचून ठेवले आहे, याचा हिशेब कोणीच ठेवलेला नाही. मूठ सव्वा लाखाची राहते, पण मुठीतले लेकरू गुदमरते.

याहून वाईट म्हणजे ही भीती आपण धर्माच्या नावाने सजवतो. 'प्रार्थना कमी पडली', 'जपमाळ सोडली म्हणून असे झाले', अशी वाक्ये आपल्याकडे सहज फेकली जातात. आम्ही प्रार्थनेचे मोल कमी लेखत नाही. आमचे सारे जीवनच तिच्यावर उभे आहे. परंतु मधुमेहाच्या रोग्याला आपण डॉक्टरकडे नेतो आणि त्याच्यासाठी प्रार्थनाही करतो. मग मनाच्या रोग्याला तेवढी केवळ प्रार्थना का? आत्मघाताने गेलेल्या मुलाच्या घराभोवती कुजबुजणाऱ्यांनी तर ख्रिस्तसभेची आजची शिकवण एकदा नीट वाचावी. १९१७ च्या ख्रिस्तसभेच्या कायद्यात जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफनविधी नाकारलेला होता. १९८३ च्या कायद्याने तो उल्लेख काढून टाकला. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट सांगितले आहे की गंभीर मानसिक व्याधी, वेदना वा भय यांमुळे अशा व्यक्तीची जबाबदारी कमी होते, आणि तिच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये. देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, असेच गृहीत धरण्यास सांगितले आहे. ख्रिस्तसभेचा आणि देशाचा असे दोन्ही कायदे करुणेच्या बाजूला गेले. मागे राहिली ती आपली ओटी आणि तिच्यावरची कुजबुज.

आमच्या या भूमिकेवर आक्षेप येतील, हे आम्ही जाणतो. काही ज्येष्ठ म्हणतील, 'आम्ही कंदिलाच्या उजेडात शिकलो, आमची चौकशी कोण करीत होते?' त्यांना आमचे नम्र उत्तर असे की, तुमची चौकशी सारा गाव करीत होता, म्हणून तर ती तुम्हांला जाणवली नाही. शिवाय जे शिकून वर आले तेच आज हे वाक्य बोलायला आहेत. जे मध्येच खचले, त्यांची साक्ष कोणी घेतली?

दुसरे म्हणतील, 'हे चर्चचे काम नव्हे.' हा आक्षेप मात्र आम्ही मुळीच मान्य करीत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात कॅथलिकेतर विद्यापीठांजवळही विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे आणि केंद्रे असावीत, असे सांगितले आहे. १९८३ च्या कायद्याचे ८१३ वे कलम विद्यार्थ्यांची आध्यात्मिक काळजी थेट बिशपांवर सोपवते. त्यासाठी स्वतंत्र धर्मग्राम स्थापावा, निदान धर्मगुरू कायमचे नेमावेत, अशी त्यात अपेक्षा आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९० मध्ये कॅथलिक विद्यापीठांवर जो दस्तऐवज दिला, त्यातही विद्यापीठातील मेंढपाळकार्याला स्वतंत्र विभाग आहे. १ नोव्हेंबर २०२५ रोजी ज्यांना ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून घोषित करण्यात आले, त्या संत जॉन हेन्री न्यूमन यांनी १८५४ मध्ये डब्लिनला कॅथलिक विद्यापीठ उघडले, तेव्हा विद्यार्थ्यांना लहान लहान घरांत राहायची सोय केली. प्रत्येक घराला एक प्रमुख होता, आणि त्यांतील एका घराचे प्रमुखपद कुलगुरू असूनही न्यूमन यांनी स्वतःकडे घेतले. विद्यार्थी जेथे राहतो तेथेच तो अधिक शिकतो, हे त्यांना ठाऊक होते.

आणि इतक्या दूर जायचे कारणच काय? वसतिगृह म्हणजे काय, हे महाराष्ट्राने देशाला शिकवले आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात जातीजातींची वसतिगृहे उभी केली. त्यांत ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठीचेही एक होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातींची मुले एका छताखाली आणली, आणि त्या मुलांच्या पोटात घास पडावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिनेच नव्हे, मंगळसूत्रही मोडले. आपल्या मिशन बोर्डिंगांनीही खेड्यापाड्यांतील मुलांना अशीच सावली दिली. त्या माउलीने मुलांना खोली भाड्याने दिली नव्हती, घर दिले होते. आजचे वसतिगृह म्हणजे अनामत रक्कम, डबा आणि कुलूप. आपल्या ख्रिस्ती संस्थांनीही स्वतःला विचारावे: आपल्या वसतिगृहात शिस्तीचा फलक दारावर आहे, ऐकून घेणारे माणूस आत आहे का?

तिसरा गट आमच्या सूचनेचे उत्साहाने स्वागत करील, आणि त्याचीच आम्हांला अधिक धास्ती आहे. 'बरोबर आहे, मुलांवर लक्ष ठेवलेच पाहिजे,' असे म्हणून हे लोक हेरगिरीची व्यवस्था मागतील. कोण कोणाबरोबर फिरते, कोणाची रविवारची मिस्सा चुकली, याची खबर गावी पोहोचवणारा जासूद त्यांना हवा असतो. विशेषतः मुलींच्या बाबतीत यांची काळजी संध्याकाळी सातच्या फाटकापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. आम्ही स्पष्ट सांगतो: हे काम आधाराचे आहे, पाळतीचे नव्हे. मूल सज्ञान आहे. त्याच्या संमतीवाचून त्याची माहिती कोणालाही देता कामा नये. ज्या धर्मगुरूजवळ बोललेले घरी पोहोचते, त्याच्याजवळ कोणीही दुसऱ्यांदा येत नाही. हरवलेले मेंढरू मेंढपाळाने खांद्यावर घेतले. त्याच्या पायात बेडी घातली नाही.

मग करायचे काय? टीका करून मोकळे होणे आम्हांला पसंत नाही. उंटावरून शेळ्या हाकणारे आपल्यात पुष्कळ आहेत. प्रत्येक धर्मग्रामाने येत्या शैक्षणिक वर्षापासून चार गोष्टी कराव्यात, अशी आमची मागणी आहे.

पहिली, परगावी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची नोंदवही. नाव, शहर, संस्था, निवास, आणि अडचणीत कोणाला कळवावे असे विद्यार्थ्याला वाटते, ते नाव. हे सारे त्याच्या संमतीने. लग्नाची आणि बाप्तिस्म्याची नोंद आपण काटेकोर ठेवतो. जिवंत तरुणांची एक वही आपल्याला जड होऊ नये.

दुसरी, त्या त्या शहरातील धर्मग्रामाला पत्र. विद्यार्थी तेथे पोहोचण्यापूर्वी तेथील धर्मगुरूंना आणि ओळखीच्या एका कुटुंबाला कळवावे. महिन्यातून एकदा घरचे जेवण मिळेल असे एक दार त्या शहरात असणे, हे दहा उपदेशांहून मोलाचे आहे. त्याच शहरात आधी शिकून गेलेले आपलेच दादा आणि ताई नवागतांचे सोबती व्हावेत. १९२४ पासून चालत आलेली कॅथलिक विद्यार्थ्यांची अखिल भारतीय संघटना आहे. तिची ओळख मुलांना घर सोडण्याआधी करून द्यावी.

तिसरी, जून महिन्यात पालकांची सभा. तीत हारतुरे नकोत. कर्जाचे कागद कसे वाचावेत, रॅगिंगचे प्रतिज्ञापत्र म्हणजे काय, तक्रार कोठे करावी, नैराश्याची लक्षणे कोणती, हे जाणकारांकडून समजून घ्यावे. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय मदतवाहिनीचा १८००-१८०-५५२२ हा क्रमांक आणि २०२२ पासून चालू असलेल्या, मराठीतूनही बोलणाऱ्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक घरात दिनदर्शिकेवर लिहिलेला असावा. आणि प्रत्येक आईबापाने मुलाला निरोप देताना एक वाक्य तोंडाने म्हणावे: 'नापास झालास तरी, शिक्षण सोडलेस तरी, या घराचे दार तुला उघडे आहे.' उधळ्या पुत्राची कथा आपण दर चाळीसाव्यात ऐकतो. त्या बापाने हे वाक्य म्हणण्यासाठी मुलगा परत येण्याची वाट पाहिली. आपण ते तो जातानाच म्हणावे.

चौथी, एक छोटा निधी. अनामत रक्कम, मेसचे अडलेले दोन महिने, समुपदेशकाची फी, अचानक घरी परतण्याचे तिकीट. सणाच्या आतषबाजीवर आणि मंडपावर आपण जो खर्च करतो, त्याचा दहावा हिस्सा यासाठी पुरेल. या निधीतून मदत घेणाऱ्याचे नाव कधीही फलकावर लागू नये.

या चारांपैकी एकाही गोष्टीला मोठी इमारत लागत नाही, परवानगी लागत नाही, तज्ज्ञांची फौज लागत नाही. लागते ती एवढीच कबुली की, जे मूल आपल्या डोळ्यांआड आहे तेही आपलेच आहे. ज्यांना ही मागणी अवाजवी वाटते, त्यांनी आपल्या धर्मग्रामातून या वर्षी बाहेरगावी गेलेल्या दहा मुलांची नावे न विचारता लिहून पाहावीत. नावे सुचली नाहीत, तर पुढच्या गुणगौरव समारंभाची तारीख ठरवण्याआधी त्यांनी नोंदवहीचे पहिले पान आखून ठेवावे.